वरचा हात की खालचा

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. वडिलांची मुंबईहून येणारी पत्रंसुद्धा त्यांच्या खोलीतला दुसराच कोणी लिहून द्यायचा आणि आईला ती शेजारीण वाचून दाखवायची. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेतली उत्तरं आणि एक प्रकल्प सोडला तर माझ्या नावावर काही नाही. शिवाय डावा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे कागद धरता येत नाही आणि ओळी तिरक्या जातात. आमच्या मॅडम म्हणाल्या, प्रकल्पात जे बसलं नाही ते वेगळं लिहून काढ. म्हणून बसलो आहे. ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते हे वाचणार नाहीत. याचा मला आधार वाटतो आणि लाजही वाटते.

प्रकल्प होता मुंबईतल्या एका जुन्या चित्रपट कंपनीच्या बोधचिन्हाचा. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, तेच. या कंपनीचं चिन्ह म्हणजे दोन हात आणि दोन सोललेले नारळ. पडद्याच्या उजव्या बाजूने एक हात नारळ धरून पुढे येतो आणि थांबतो. डाव्या बाजूने दुसरा हात येतो, वर जातो आणि आपला नारळ खालच्या नारळावर आदळतो. खालचा फुटतो. पाणी उडतं आणि पांढऱ्या खोबऱ्यातून कंपनीचं नाव वर येतं. सगळं मिळून दहा सेकंद.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हा मुहूर्ताचा नारळ असेल. पण कंपनीचे मालक आमच्या किनाऱ्यावरचे होते, आणि आमच्याकडे कोणालाही विचारा, तो सांगेल की ही नारळी पौर्णिमेची लढत आहे. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, टोक तेवढं वर ठेवायचं. दुसऱ्याने त्यावर आपला नारळ मारायचा. ज्याचा फुटेल तो हरला आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. समोर दुसरा माणूस हवाच. आपल्याच दोन हातांत नारळ घेऊन आपटणाऱ्याला आमच्याकडे हसतात. त्याचा अर्थ, याच्याशी लढायलाही कोणी उरलं नाही.

त्या चिन्हातला एक हात माझ्या वडिलांचा आहे, असं आमचं सगळं गाव माझ्या लहानपणापासून ऐकत आलं. वरचा की खालचा, एवढाच प्रश्न होता.

आमचं गाव गुहागरहून अंजनवेलला जाताना लागतं. वडील तरुणपणी त्या कंपनीत सेटिंगवर होते. फळ्या ठोकायच्या, रंगवलेले पडदे उभे करायचे, शिडी धरायची, अशी कामं. कंपनी स्वतःचं शूटिंग बंद करून दुसऱ्यांचे सिनेमे विकायला लागली तसे ते गावी आले आणि दुसऱ्यांच्या वाड्यांमधले नारळ पाडून द्यायला लागले. रविवारी दुपारी टीव्हीवर त्या कंपनीचा सिनेमा असला की घरात ते दहा सेकंद आवाज चालत नसे. चिन्ह संपलं की ते उजवा हात वर करायचे आणि म्हणायचे, "हा." एवढंच. मग जेवायला बसायचे.

मी दुसरीत असेन. एकदा मी विचारलं, बाबा, वरचा की खालचा? त्यांनी डाव्या हाताने माझे केस धरले आणि उजव्या हाताने थोबाडीत दिली. दुधाचा दात आधीच हलत होता, तो जिभेवर आला. ते म्हणाले, "मारणारा कुठला ते कळलं?" त्यांच्या मते हे उत्तर होतं. मारायची त्यांची पद्धतच ती होती. डाव्याने केस धरायचे, उजव्याने मारायचं. त्यामुळे त्यांच्या डाव्या हाताची करंगळी माझ्या कानापाशी असायची. ती करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वाकलेली आहे, कधी मिटत नाही. माडावरून घसरताना झालं असं ते सांगायचे. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा ती करंगळी मला जास्त पाठ आहे, असं लिहिलं तर खोटं होणार नाही.

आईचा कान गेला तोही अशाच दहा सेकंदांत. चिन्ह चालू असताना तिच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. वडील उठले, तिला चुलीपासून ओढलं आणि डाव्या कानावर इतक्या जोरात मारलं की ती भिंतीला जाऊन लागली. ती परत येऊन निवडायला बसली तेव्हा सुपातल्या तांदळावर दोन थेंब पडले. तिने ते दाणे वेचून बाजूला टाकले. दवाखान्यात तिने पायरीवरून पडल्याचं सांगितलं. त्या कानाने तिला आता काही ऐकू येत नाही. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागतं.

नारळी पौर्णिमेला वडील जेट्टीवर जायचे. नारळ कानाशी धरून नखाने वाजवायचे आणि ढिगातून दोनच निवडायचे. मग समोर येईल त्याचा फोडायचे. नुसता नारळ फुटून भागत नसे. धरणाऱ्याची मूठ फुगायची, नख काळं पडायचं, एकाचा अंगठा निखळलेला मी पाहिला आहे. दुपारपर्यंत त्यांच्यासमोर कोणी हात धरेनासं व्हायचं. तरी ते नारळ घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, या की.

एकच माणूस त्यांना बोलायला घाबरत नसे. आमच्या शेजारचे काका, जहाजावर नोकरी करून घरी बसलेले. ते लढत नसत, नुसते कठड्यावर बसून बोलत. एका वर्षी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मेल्या, तुझा हात वरचा असता तर कंपनीने तुला माड चढायला धाडला असता काय? तुझा खालचा. फुटलेला." लोक हसले. वडिलांनी हातातला नारळ त्यांच्या कपाळावर घातला. भुवई फाटली, रक्त शर्टावरून जेट्टीच्या दगडावर आलं. टाके पडले. पण टाके घातलेल्या कपाळानेच काका संध्याकाळी आमच्या दारावरून गेले आणि जाताना वडिलांना म्हणाले, खालचाच. त्या दिवशी आईने उगाचच मार खाल्ला.

तेव्हाच माझ्या डोक्यात ते बसलं असावं. मला वाटायला लागलं की घरात जे चालतं ते त्या वरच्या हाताच्या जिवावर चालतं. तो हात वरचा नव्हता हे कोणी दाखवून दिलं, त्याचा मान गेला, तर तो आईवर उचलला जाणार नाही. हे बरोबर होतं की चूक, ते आता लिहायला हात अडखळतो. पण तेव्हा मला ते हिशेबासारखं सरळ वाटत होतं.

कॉलेजात प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी देवळं, बोली, मासळीबाजार घेतले. मी मॅडमना म्हटलं, मला एका कंपनीच्या चिन्हाचा इतिहास लिहायचा आहे. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, त्यात नारळ आहे. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

गावातल्या केबलवाल्याकडच्या जुन्या सीडी, रत्नागिरीतल्या एका बंद पडलेल्या दुकानातला साठा आणि लोकांनी इंटरनेटवर टाकलेले तुकडे असं जमवून मी चार चिन्हं मिळवली. पहिलं काळंपांढरं. त्यात दोन वेगवेगळी माणसं आहेत हे स्पष्ट दिसतं, खालच्या हाताच्या मनगटाला दोरा आहे आणि मूठ काळी, जाड आहे. त्याला स्वतःचा आवाज नाही, नुसती सनई आणि ढोल. नारळ फुटतो तेव्हा पाणी शाईसारखं दिसतं, आणि त्याच क्षणी खालचा हात झटकन मागे जातो. तो का गेला असेल, असा विचार मी तेव्हा केला नाही. दुसरं चिन्ह रंगीत. मागे समुद्र रंगवलेला पडदा, हात अगदी जवळून. वरच्या हाताला मनगटापर्यंत पांढरी बाही आहे, खालचा उघडा आहे. इथे पहिल्यांदा सनई थांबते आणि नारळाचा खरा आवाज येतो. वडिलांच्या वेळचं चिन्ह हेच. तिसऱ्यात हात सोन्याचे केले आहेत, कॉम्प्युटरवर. नारळ फिरत येतो आणि फुटून त्याच्या चांदण्या होतात. चौथं आताचं, मोबाइलवर बघायच्या सिनेमांसाठी. त्यात हातच नाहीत. काळ्या पडद्यावर पांढरा गोल आणि त्याला तडा. तीन सेकंदांत संपतं.

चित्र दर वेळी बदललं, पण दुसऱ्या चिन्हापासून आवाज एकच आहे. हे मी स्वतः शोधलं म्हणून मला त्याचा थोडा अभिमान होता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ काढून बघितली तर तिन्ही ठिकाणी तीच रेघ. आधी मोठा डोंगर, नारळाचा. आणि त्याला चिकटून एक बारीक टोक. कान देऊन ऐकलं की कळतं. खाट्, आणि मागोमाग टिक्. प्रकल्पात मी लिहिलं की हा दुसरा आवाज करवंटीचा तुकडा जमिनीवर पडल्याचा असावा. मॅडमनी 'असावा' खाली रेघ मारली आणि विचारलं, कशावरून?

त्यांनीच ओळखीतून मला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा नंबर मिळवून दिला. त्या काळी कंपनीत आवाज मुद्रित करायचं काम त्यांच्याकडे असायचं. मी फोन केला तर त्यांच्या मुलाने घेतला. वडील आजारी आहेत, बोलता येत नाही, काय ते लिहून पाठवा, म्हणाला. मी वडिलांचं नाव लिहून दोनच प्रश्न पाठवले. दुसऱ्या चिन्हातला वरचा हात कोणाचा? खालचा कोणाचा? उत्तर आलं नाही. मी दर आठवड्याला मोबाइल बघत राहिलो.

मग मला उत्तराची गरजच उरली नाही. रंगीत चिन्ह एकेक चित्र थांबवत बघताना माझी नजर खालच्या मुठीवर गेली. चार बोटं नारळाला घट्ट धरून आहेत. करंगळी बाहेर. मधल्या पेरापासून वाकलेली. मी खुर्चीत मागे सरकलो, कारण ती माझ्या कानाशी आल्यासारखी वाटली. वरच्या हाताकडे मी बघितलंही नाही. तो जोरात येतो, त्यामुळे अस्पष्ट आहे, आणि अर्धा बाहीत आहे. एक हात बाबांचा, तर दुसरा दुसऱ्याचा. लढत म्हणजे दोन माणसं, हे मला जन्मापासून माहीत होतं.

या नारळी पौर्णिमेला मी गावी गेलो. जेट्टीवर गर्दी होती. वडिलांचं वय झालं आहे, पण नारळ निवडणं तेच आणि मारणं तेच. तीन-चार जणांचे फोडून झाल्यावर कोणी पुढे येईना, तेव्हा मी पुढे गेलो आणि लोकांना मोबाइल दाखवला. चिन्ह चालवलं आणि मुठीवर थांबवलं. शेजारच्या काकांनी चष्मा वर केला, मोबाइल नाकाजवळ नेला, मग वडिलांच्या डाव्या हाताकडे बघितलं.

"ह्याचीच गो बाई करंगळी," ते म्हणाले. "इतकी वर्षं आमच्याकडून सलाम घेतला नि हात खालचा. पोराने शिकून बापाची मूठ उघडली."

लोक हसले. बाया पण हसल्या. मला वाटलं होतं, वडील काकांवर धावून जातील किंवा माझ्यावर. ते धावले नाहीत. ते मोबाइलकडे बघत होते. मग ढिगातून एक नारळ उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"धर."

मी उजव्या हातात धरला.

"उजवा नको. डावा. उजव्याने लिहायचंय तुला."

मी हात बदलला. सगळे बघत होते. ते अगदी जवळ आले आणि हळू म्हणाले, "करंगळी आत घे."

मला वाटलं, ते मला घाबरवताहेत. तीच करंगळी दाखवून मी त्यांना हरवलं होतं, म्हणून आता ते तिच्यावरून मला धमकावताहेत. मी मुद्दाम नाही घेतली. त्यांच्या डोळ्यात बघत राहिलो. त्यांनी हात वर नेला.

खाट्, आणि मागोमाग टिक्.

दुखायच्या आधी माझ्या मनात आलं की हा आवाज मी ऐकला आहे. नंतर मी स्वतःला समजावलं की नारळच तो, आवाज ओळखीचा असणारच. पण तेव्हा फार विचार करता आला नाही. नारळाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि त्यात लाल मिसळलं. करवंटी बोटात घुसली होती आणि करंगळी बाहेरच्या बाजूला लोंबत होती. मी खाली बसलो आणि ओकलो. कोणीतरी पोरगा हसायला लागला आणि थांबला. वडिलांनी वाकून माझा हात उचलला, करंगळी बघितली.

"आत घे म्हटलं होतं," ते म्हणाले.

रिवाजाप्रमाणे फुटलेला नारळ त्यांचा. त्यांनी तो घेतला नाही. आपला न फुटलेला नारळही तिथेच ठेवला आणि ते घराकडे चालायला लागले. काका कठड्यावरून उतरून माझ्याजवळ आले. त्यांच्या भुवईवरची जुनी खूण मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली. त्यांनी आपला रुमाल सोडून माझ्या हाताला बांधला.

गुहागरला दवाखान्यात आई आली होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसलो आणि तिला सांगितलं की तो हात खालचा निघाला, सगळ्यांनी बघितलं, आता ते कोणाला काही म्हणू शकणार नाहीत. ती माझ्या बोटाकडे बघत होती. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी परत सांगितलं.

"ऐकलं रे," ती म्हणाली. "खालचा निघाला म्हणून काय माझा कान परत येणार हाय? मना काय विचारलंस तरी?"

मी तिला विचारलं नव्हतं, हे खरं आहे. ती कुठे राहील, तिला काय हवं आहे, हा प्रश्न मी कधी कोणाला पाठवला नव्हता. मी चार महिने दोन हातांचे प्रश्न विचारत होतो. ती दापोलीला मावशीकडे जायचं म्हणत होती, हे मला त्या दिवशी कळलं. ती गेली. एक पिशवी घेऊन एसटीने गेली आणि वडिलांनी तिला अडवलं नाही. ते घरात बसून असतात, टीव्ही लावत नाहीत, असं काकांनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, काही बोलतात का? काका म्हणाले, मी रोज दारावरून जातो, पण आता 'खालचा' म्हणत नाही.

मी रत्नागिरीला परत आलो. प्रकल्प देऊन टाकला. 'रंगीत चिन्हातील खालचा हात कंपनीतील एका कामगाराचा, वरचा अज्ञात' असं त्यात लिहिलं आहे. मॅडमनी यावेळी कशाखाली रेघ मारली नाही.

परवा दुपारी कॉलेजच्या जिन्यात बसलो असताना त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज मोबाइलवर आला. त्यांनी बोलून पाठवलं होतं, मध्ये मध्ये खोकत. मी ते बरंच ऐकलं आहे. जसं आहे तसं लिहितो.

"बाळ, मी आजारी होतो, म्हणून उशीर झाला. तू विचारलंस, वरचा कोणाचा आणि खालचा कोणाचा. दोन्ही त्याचेच. तुझ्या वडिलांचे. पहिल्या चिन्हात खाली धरणाऱ्याचा अंगठा कामातून गेला होता, ते सेटिंगवरच्या सगळ्या पोरांना ठाऊक. रंगीत करायचं ठरलं तेव्हा वरचा हात तुझ्या वडिलांचा ठरला. पण खाली धरायला कोणी येईना. त्याच्या हाताखाली कोण हात धरणार? मालक खवळले, तेव्हा तो म्हणाला, मीच धरतो. एका हाताला बाही चढवली, एक उघडा ठेवला, आणि उजव्याने डाव्यावर मारायला लागला. तीन नारळ फुटले, पाणी काही नीट उडेना. चौथ्याला करंगळी बाहेर राहिली. माझ्या कानाला हेडफोन होते. मला नारळ ऐकू आला आणि लगेच बोट ऐकू आलं. तो ओरडला नाही, म्हणून कॅमेरावाल्याला कळलंच नाही. तुझ्या वडिलांनीच विचारलं, पाणी उडालं का? नाही म्हटल्यावर त्याने पाचवा नारळ मागितला आणि त्याच हातात धरला. चित्र आहे ते पाचव्याचं. आवाज मात्र चौथ्यासारखा परत आला नाही, म्हणून मी चौथ्याचा लावला. अजून तोच लावतात, नातू मोबाइलवर दाखवतो. हे सगळं मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याने हात जोडून सांगितलं होतं की गावाकडे कळू देऊ नका, दोन्ही हात माझेच म्हणून. आमच्याकडे हसतात. आता इतकी वर्षं झाली, आणि तू मुलगा आहेस, म्हणून सांगितलं. कसा आहे तो? करंगळी सरळ झाली का त्याची?"